गेल्या वर्षीचं मॉडेल

३ फेब्रुवारी

दादा,

भावाचं मोबाइलचं दुकान, आणि फोनबद्दल विचारायला बहिणीला पत्र लिहावं लागतं, कारण भाऊ फोन उचलत नाही. दुकानात गिऱ्हाईक असतं हे मान्य. पण सदासर्वकाळ गिऱ्हाईक असेल तर एव्हाना तुझा बंगला व्हायला हवा होता.

थट्टा राहू दे. पत्राचं खरं कारण तुला माहीत आहे. माझं पाकीट आलं की बाबा ते आधी स्वतःच्या हातात घेतात, अक्षर ओळखतात आणि रफूच्या टेबलावर कात्रीखाली ठेवतात. आत काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नाही. अक्षरं कळतात, वाक्य लागत नाही. ते तू खुणांनी सांगतोस. म्हणजे पाकीट त्यांचं आणि मजकूर तुझा. तरी मी लिहिते, कारण कात्रीखाली काहीतरी असलं पाहिजे.

आता मुद्दा. मला बाबांसाठी फोन घ्यायचाय. समोरचं माणूस दिसेल असा, म्हणजे आम्हाला बोलता येईल. इथे म्हाताऱ्यांच्या वॉर्डात मी दिवसभर घसा फोडून बोलते, कारण निम्म्यांना ऐकू येत नाही. आणि ज्या माणसाशी बोलायला आवाज लागतच नाही, त्याच्याशी इथे आल्यापासून मी अवाक्षर बोललेली नाही. माझे हात गंजले असतील. परवा नाकाच्या शेंड्याला दोन बोटं लावून स्वतःलाच हाक मारून पाहिली, बाबा मारतात तशी. शेजारच्या खाटेवरच्या आजींना वाटलं, नर्सबाईंना सर्दी झाली.

तर, ते नवीन मॉडेल घ्यावं की गेल्या वर्षीचं? इथल्या मुली म्हणतात, दोन्ही सारखेच, नव्याला उगाच जास्त मोजायचे. मला स्वतःलाही एक हवाय, माझ्या फोनने मान टाकली आहे. दोन्ही नवे घेणं मला झेपणार नाही. दुकानदार म्हणून नको, भाऊ म्हणून सांग.

वहिनीला नमस्कार. बाबांना माझी खूण करून दाखव.

ठमी

·

१४ फेब्रुवारी

चि. ठमी,

पत्र पोचलं. पाकीट नेहमीप्रमाणे कात्रीखाली गेलं, मजकूर माझ्या वाट्याला आला.

आता भाऊ म्हणून ऐक. दुकानदार म्हणून बोललो असतो तर दोन्ही नवेच तुझ्या गळ्यात मारले असते. गेल्या वर्षीचं मॉडेल आणि नवीन मॉडेल ही जुळी भावंडं आहेत. एकाला नवा सदरा शिवलाय, इतकंच. स्क्रीन तीच, बॅटरी तीच. फरक म्हणशील तर पुढच्या कॅमेऱ्यात. नव्याच्या कॅमेऱ्यात तोंडावरचे डाग जातात, सुरकुत्या जातात, माणूस धुऊन वाळत घातल्यासारखा दिसतो. मी गिऱ्हाईकांना करून दाखवतो तेव्हा बाबा टेबलावरून मान वर करून बघतात आणि पोट धरून हसतात. शिवाय नवा कमी उजेडातही चांगला चालतो. जुन्यात कमी उजेड असला की हलणारी वस्तू पुसट येते. आता बाबांना काय अंधारात नाचाचे फोटो काढायचेत?

तेव्हा नवा तू घे, तुझं वय आहे. बाबांना गेल्या वर्षीचा. माझ्याकडे पडून आहेत, तेवढाच एक हलेल.

तू दुकानाचं विचारलं नाहीस, पण सांगतो. रस्त्याने जाणाऱ्याला आमच्या काचेत काय दिसतं? एक म्हातारा मान खाली घालून कुणाच्या तरी पँटचं भोक बुजवतोय. आत मोबाइल मिळतात हे कळायला पाटी वाचावी लागते, आणि हल्ली पाट्या वाचतो कोण? मी बाबांना सुचवलं, टेबल आतल्या खोलीत घ्या, दिवा लावून देतो. त्यांनी खिडकीकडे बोट केलं, मग डोळ्याकडे, मग सुईकडे. तेवढं मलाही कळतं. विषय संपला. दुकान त्यांच्या नावावर. मी आपला पोटभाडेकरू.

कुठला फोन ते कळव. दिवसा गिऱ्हाईक असतं, बाबांचंही काम असतं, तेव्हा संध्याकाळी दुकान वाढवल्यावर आतल्या खोलीतून लावून देईन.

दादा

·

१ मार्च

दादा,

ठरलं. बाबांना गेल्या वर्षीचा, मला नवा. माझा कुरियरने पाठव. खरं सांगू? तू नवा मला घ्यायला सांगितलंस तेव्हा बरं वाटलं. माझं वय आहे असं बऱ्याच दिवसांत कुणी म्हटलं नव्हतं.

तू म्हणतोस दिवसा गिऱ्हाईक असतं, बाबांचंही काम असतं, म्हणून संध्याकाळी दुकान वाढवल्यावर आतल्या खोलीतून फोन लावून देशील. चालेल. माझी ड्यूटी तेव्हा संपलेली असते.

खिडकीचं मात्र पुन्हा काढू नकोस. मूळ धागा कुठला आणि आपण घातलेला कुठला हे सूर्याच्या उजेडातच कळतं, ते मला बाबांनी मी टेबलाच्या उंचीची असताना शिकवलंय. आतल्या खोलीत बसवलंस तर त्यांचं काम महिन्याभरात बसेल. आणि काम बसलं की बाबा बसतील. ते टेबल म्हणजे त्यांचं तोंड आहे, दादा. गावभरचे लोक त्यांच्याशी त्या टेबलावरच बोलतात. बाबांची खिडकी बाबांची. बस.

ठमी

·

२९ मार्च

दादा,

पहिल्या दिवशी मी रडले, ते तू बघितलंस. बाबांचा चेहरा इतका स्वच्छ दिसला की दाढीचे खुंट दिसत होते. त्यांनी नाकाला दोन बोटं लावली आणि मी वॉर्डच्या जिन्यात बसून लहान मुलासारखी हुंदके देत होते. वरून जाणाऱ्या डॉक्टरीणबाई विचारायला लागल्या, घरी काही वाईट झालं का.

पण आता लिहिते ते नीट वाच, आणि बाबांना यातलं काही सांगू नकोस.

त्यांच्या हातांना काय झालंय? चेहरा स्थिर, खांदे स्थिर, मागची भिंतसुद्धा स्वच्छ. हात उचलले की मात्र ओल्या फडक्याने पाटी पुसावी तसं होतं. बोटं वेगळी दिसत नाहीत. मध्येच झटका बसतो, हात इथला तिथे गेलेला असतो. निम्म्या खुणा मला लागल्या नाहीत, मी नुसती मान हलवत होते. बाबांशी बोलताना मी कधी खोटी मान हलवली नव्हती.

आजीचं आठवतं? पेला तोंडाशी नेईपर्यंत निम्मं पाणी पदरावर. मी इथे असे हात रोज बघते, रोज धरते, त्यांना रोज घास भरवते. सुरुवात अशीच होते. घरच्यांना कळत नाही, कारण घरच्यांना सवय होते. लांबून बघणाऱ्याला आधी कळतं.

आणि दुसरी गोष्ट. परवा मी त्यांच्याकडे बघत होते आणि ते माझ्याकडे बघतच नव्हते. स्क्रीनच्या कोपऱ्यात आपलं स्वतःचं छोटं चित्र दिसतं ना, तिकडे बघत होते. उजवा हात वर केला, थांबवला, परत वर केला. मग डावा. जन्मात त्यांनी स्वतःला बोलताना पाहिलेलं नाही.

तुझ्या लक्षात आलंय का काही? खरं खरं सांग.

ठमी

·

१० एप्रिल

चि. ठमी,

तू विचारलंस म्हणून सांगतो, नाहीतर माझ्या तोंडातून निघालं नसतं.

मला फोनमधलं कळतं, माणसातलं तुला. तू नर्स आहेस. तू म्हणतेस आजीसारखं, तर आजीसारखं असेल. मी रोज डोळ्यांसमोर बघतो, मला सवय झाली असणार, तू लिहिलंयस तसं.

एक गोष्ट लिहावी की नाही असं वाटत होतं. मागच्या आठवड्यात एक गिऱ्हाईक कोट घेऊन परत आलं. कोपराचं रफू दिसतंय म्हणालं. बाबांचं रफू दिसतंय! आयुष्यात पहिल्यांदा. मी बाबांना खुणेनं सांगितलं, सांगणं भाग होतं. त्यांनी कोट उजेडात धरला, डोळ्यांशी नेला, लांब धरला. त्यांना काही दिसेना. मग त्यांनी स्वतःच फोन मागितला, आतल्या खोलीत गेले आणि फोनसमोर हात धरून बसले. फोन तर खोटं बोलत नाही. मी दारातून बघितलं आणि मागे फिरलो. बघवेना.

बाबा आता मला विचारतात, ठमी काय म्हणते. त्यांना कळलंय की तुला दिसलंय. माझ्या खुणा म्हणजे तुला माहीत आहे, चहा, जेवण, पैसे, चला. एवढी मोठी गोष्ट मी कुठल्या तोंडाने सांगू? किंवा कुठल्या हाताने म्हण.

तू सांगशील ते करू. तुझा शब्द त्यांना माझ्यापेक्षा मोठा आहे. तो पहिल्यापासूनच आहे.

दादा

·

१९ एप्रिल

दादा,

चार दिवस हे पत्र लिहायला घेते आणि ठेवते. पण ठेवून चालणार नाही.

बाबांचं काम थांबव. आज ना उद्या कात्री बोटात जाईल, सुई डोळ्यात जाईल. आणि ते झालं नाही तरी कोटवाल्यासारखी गिऱ्हाइकं येत राहतील. लोक त्यांच्या तोंडावर हसतील आणि बाबांना वाटेल कौतुक करताहेत. ते मला सहन होणार नाही. नाव आहे तोवर थांबलेलं बरं.

मी खिडकीबद्दल काय लिहिलं होतं ते मला आठवतंय. ते हात धड होते तेव्हाचं होतं.

त्यांना हे पत्र दाखव. खालच्या ओळीवर बोट ठेव आणि माझी खूण कर, नाकाला दोन बोटं. मग हात थांबव आणि सुई खाली ठेवायची खूण कर. एवढी तुला येईल. म्हणजे त्यांना कळेल की हे तू नाही, मी सांगतेय.

बाबा, आता सुई ठेवा.

जवळच्या डॉक्टरांना दाखवून घे. माझा करार संपेपर्यंत मला सुटता येत नाही, नाहीतर मीच आले असते. वहिनीला म्हणावं, त्यांना एकटं बसू देऊ नकोस.

ठमी

·

६ मे

चि. ठमी,

सांगितल्याप्रमाणे केलं. ओळीवर बोट ठेवलं, तुझी खूण केली. बाबांनी माझं बोट बाजूला करून अक्षर बघितलं, तुझंच आहे ना याची खात्री करून घेतली. मग सुई पिनकुशनला लावली, चष्मा काढला. भांडण नाही, तंटा नाही. मला वाटलं होतं दोन-चार महिने लागतील.

टेबल आतल्या खोलीत हलवलं, मग अडचण व्हायला लागली म्हणून विकून टाकलं. सागवानी होतं, घेणाऱ्याने हसत नेलं. डॉक्टरांचं बघतो, सध्या हाताशी वेळ नाही. खिडकीत आता काचेचं शोकेस केलंय, खाली दिव्यांची पट्टी. येणारा जाणारा थांबतो. ठमे, धंदा दिसावा लागतो. इतकी वर्षं आपण भोकं दाखवत बसलो होतो.

बाबा शांत असतात. आतल्या खोलीत बसतात. फोनवर यायला नको म्हणतात, तुलाही त्रास, त्यांनाही. मी जोर करत नाही.

तू वेळेवर लिहिलंस म्हणून हे नीट पार पडलं. लोकांच्या घरात अशा गोष्टींवरून केवढं रामायण होतं.

दादा

·

१२ ऑगस्ट

ठमी,

मी तुला कधी पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर ओळखायला वेळ लागेल. तुझी वहिनी. हे पत्र आल्याचं घरी कळवू नकोस. कुरियर मी माझ्या बहिणीच्या पत्त्यावरून केलंय.

सोबत माझा राखाडी स्वेटर आहे. त्याच्या डाव्या बाहीला मोठं भोक पडलं होतं, खिळ्याला अडकून. तीन बोटं जातील एवढं. गेल्या महिन्यात मी तो फेकायला काढला आणि बाबांनी माझ्या हातातून घेतला. सुई त्यांच्याकडे नाही, माझ्या शिवणाच्या डब्यातली घेतली. आतल्या खोलीत दिवसाही धड दिसत नाही, तिथे बसून केलं. खालच्या शिवणीतून लोकर काढली आणि भरली. दाराकडे पाठ करून बसले होते, चोरी केल्यासारखे.

भोक कुठे होतं ते तू शोधून दाखव. मला माहीत असून सापडत नाही.

मला फोनमधलं कळत नाही. पण मी या माणसाला रोज ताट देते, चहा देते. एक थेंब सांडलेला मी बघितलेला नाही. ज्याचे हात गेलेत तो असा स्वेटर भरतो का, ते तू सांग, तू शिकलेली आहेस.

आणि कोटाचं. कुणी परत आलं नव्हतं. तो कोट आमच्या कपाटात आहे, वरच्या फळीवर चादरीखाली. गिऱ्हाइकाला सांगितलं गेलं की शिवायला वेळ लागेल, मग सांगितलं गेलं की हरवला, भरपाई घ्या. बाबांना काय, गिऱ्हाईक काय बोललं ते त्यांना आमचे हेच सांगणार.

तू विचारशील, वहिनी, तेव्हा का बोलली नाहीस. मला या घरात राहायचंय, ठमी. एवढंच उत्तर आहे.

बाबा हल्ली हात मांडीखाली घालून बसतात. कुणी आलं की आणखी आत सारतात. मला काही सांगायचं असलं तर मानेनं सांगतात, नाहीतर सांगतच नाहीत. चार दिवसांमागे त्यांना ताप होता, पाणी हवं होतं. मी आत जाईपर्यंत तसेच बसून राहिले.

काय करायचं ते तू बघ.

वहिनी

·

३० ऑगस्ट

दादा,

राखाडी स्वेटर मी खिडकीत धरला, दिव्याखाली धरला, उलटा केला, वॉर्डातल्या पोरींना दाखवला. शेवटी शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे नेला. त्यांनी भिंग लावलं आणि मला विचारलं, तुमची खात्री आहे का की हा फाटला होता.

मग मी डोकं चालवलं, जे मार्चमध्ये चालवायला हवं होतं. इथल्या वॉर्डबॉयकडे तोच फोन आहे, गेल्या वर्षीचा. तो मागून घेतला, चादरींच्या खोलीत गेले, एकच दिवा ठेवला आणि स्वतःचे हात फोनसमोर धरले. माझे हात, दादा, जे रोज शिरेत सुई घालतात. त्यांची पाटी पुसली गेली. बोटांना झटके बसले. चेहरा मात्र स्वच्छ. मग तोच फोन घेऊन अंगणात उन्हात गेले आणि बोटावरची नखंसुद्धा दिसली.

तू मला लिहिलं होतंस. पहिल्याच पत्रात. कमी उजेडात हलणारी वस्तू पुसट येते. तुला ठाऊक होतं, आणि तू बाबांना रोज संध्याकाळी उचलून आतल्या खोलीत नेऊन बसवलंस. मी हाताला बघून घाबरले तेव्हा तुला एकच वाक्य लिहायचं होतं: अगं वेडे, दिवा कमी आहे. ते न लिहिता तू माझ्या हातून बाबांना सुई ठेवायला लावलीस. चोर तरी स्वतःच्या हाताने चोरी करतो.

तुला खिडकी हवी होती ना? मागायचीस. माझ्याकडे मागितली असतीस तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून मागितली नाहीस.

सोबत माझा फोन पाठवते आहे, नवा. मी वॉर्डबॉयच्या फोनवरून बोलेन. येत्या रविवारी दुपारी तू दुकान बंद ठेवायचंस, शोकेस बाजूला करायचं आणि बाबांना खिडकीत बसवून तो त्यांच्या हातात द्यायचा. मी स्वतः सांगणार आहे त्यांना, माझ्या हातांनी, की माझी चूक झाली. त्यांना त्यांचे हात दिसले पाहिजेत. एवढं केलं नाहीस तर मी नोकरीवर लाथ मारून येईन आणि तो कोट घेऊन बाजारात उभी राहीन.

ठमी

·

२१ सप्टेंबर

चि. ठमी,

रागाने पत्र लिहिलंस, समजू शकतो. बाबांना पाकीट दिलं. कात्री वहिनीने उचलून ठेवलीय, म्हणून उशाखाली ठेवलं त्यांनी.

आधी ते स्वेटरचं. तुझ्या पत्रात नाव नव्हतं, पण राखाडी स्वेटर माझ्या घरात एकच आहे, आणि तो कपाटात नाही, हे बघायला मला वेळ लागला नाही. तुझ्या वहिनीला थंडीत लागेल, परत पाठव. तिच्याशी माझं बोलणं झालंय. ती आता तुला लिहिणार नाही.

रविवारी तू म्हणालीस तसं सगळं केलं. शोकेस सरकवलं, खुर्ची खिडकीत, ऊन टेबलावर यायचं तिथे. फोन हातात दिला. पुढचं तू बघितलंसच. तू खूप वेळ हातवारे केलेस. मला त्यातलं थोडं कळलं, हात, चांगले, फोन, वाईट, मी चुकले. बाबांनी स्वतःचे हात वर केले, कोपऱ्यातल्या चौकोनात बघितले. एकेक बोट वेगळं. त्यांनी सुई ओवून दाखवायची खूण केली, तुला हसायला आलं, तू रडलीस, तेही हसले. तुला वाटलं, झालं काम. तू फोन ठेवलास तेव्हा तुझा चेहरा असा होता की मलाही बरं वाटलं असतं.

त्यानंतरचं तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

फोन बंद झाल्यावर बाबांनी तो मांडीवर ठेवला. मग मला हाक मारली. त्यांची माझ्यासाठीची खूण तुला आठवते? दोन्ही कानांवर हात. मी लहानपणी फार रडायचो म्हणे. ज्याला जन्मात काही ऐकू आलं नाही त्याने माझं नाव ठेवलं कानांवर हात. तुझं नाव नाकावर दोन बोटं. मी लहानपणी दारात उभा राहून तुमच्या दोघांचे हात बघत असायचो, तासन्‌तास. तुम्ही हसलात की मला वाटायचं माझ्यावरच हसताहेत. अजून वाटतं.

तर त्यांनी मला हाक मारली आणि नव्या फोनवर बोट ठेवलं. मग माझ्या दुकानाकडे हात केला, जिथे मी गिऱ्हाइकांना उभं करतो. मग स्वतःच्या गालावरून हात फिरवला, सुरकुत्या पुसल्यासारखा. डाग जातात, सुरकुत्या जातात. मग दोन्ही हात पुढे धरून थरथरवून दाखवले आणि त्यांच्यावरूनही तसाच हात फिरवला. पुसलं. गेलं.

कळलं ना तुला? मला लगेच कळलं. माझ्या आयुष्यात बाबांची एवढी लांब खूण मला पहिल्यांदाच अख्खी कळली.

त्यांचं म्हणणं, हा महागाचा फोन आहे, तो सगळ्यांना चांगलं दाखवतो. टेबलावरून त्यांनी रोज हेच बघितलंय. तोंड धुतो, तसे हातही धुतले. खरा तो स्वस्तातला. मग त्यांनी गेल्या वर्षीचा फोन काढला, त्याला छातीशी धरलं, आणि नाकाला दोन बोटं लावून मान नकारार्थी हलवली. म्हणजे, ठमीला सांगू नकोस. तिला माझे हात बघवत नाहीत म्हणून तिनं तो पाठवलाय. तिच्या समाधानासाठी मी हसलो.

मी त्यांना उलट समजावलं असतं, पण मला एवढ्या खुणा येत नाहीत, तू जाणतेस. आणि समजावून काय उपयोग? मी त्यांना म्हणणार ठमी चुकली, आणि तुझं एप्रिलमधलं पत्र त्यांच्या खिशात असतं. ‘सुई ठेवा’ त्या ओळीवर ते बोट फिरवतात. घडीवर फाटायला आलंय. त्या दिवशी मी गमतीने विचारलं, रफू करायचं का. तर त्यांनी हात मांडीखाली घेतले.

तू नोकरी सोडून ये किंवा नको, ते तुझं तू बघ. आलीस तर बाबा तुझ्यासमोर हसतील, हे मी आत्ताच लिहून देतो. कोट घेऊन बाजारात उभी राहिलीस तरी मला फरक पडत नाही. तो कोट मी टाकून दिला.

आता मुद्द्याचं. तुझा फोन बाबा वापरत नाहीत, तू वॉर्डबॉयच्या फोनवर कुठवर चालवणार? मी तो सध्या शोकेसमध्ये ठेवलाय, खिडकीत. उन्हात छान दिसतो. दोन गिऱ्हाइकं विचारून गेली. विकायचा असेल तर लवकर कळव, कारण पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येतंय, मग हाही गेल्या वर्षीचाच.

दादा